लोडरखालची जमीन

नवा लोडर आला तो ऐन उन्हाळ्यात, आणि आल्या आल्या तो दोन माणसांच्या पोटावर उठला. खडीच्या क्रशरवर तोवर दोन जुने लोडर होते आणि दोन चालक. जुने लोडर म्हणजे नुसती खटारी. एकाची बकेट वर जाताना कण्हायची, दुसऱ्याचा ब्रेक त्याची मर्जी असेल तर लागायचा. मालकानं दोन्ही भंगारात काढले आणि त्यांच्या जागी हा एक आणला, मध्यम आकाराचा, पिवळाधमक, एका बकेटीत पाच टन उचलणारा. दोघांचं काम हा एकटा करणार होता. मग चालक तरी दोन कशाला? पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की क्रशर तसाही चार महिने थंड पडतो, तेव्हा ढिगातली खडी भरून द्यायला एक माणूस पुरे. मालकानं तोंडावरच सांगून टाकलं. दहा दिवस दोघांनी चालवायचा, यंत्र स्वतःच आकडे दाखवतं, ज्याचे आकडे चांगले तो राहील.

आता हे दोघं कोण, तर एक दाजी आणि दुसरा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. मेहुणा दाजी म्हणायचा म्हणून अख्खा क्रशर, मालकासकट, दाजीच म्हणायला लागला होता. मेहुण्याला सगळे बारक्या म्हणत, अंगानं चांगला आडवातिडवा असूनही. तो नऊ वर्षं बहिणीच्याच घरी राहत होता, आणि लोडर शिकला तोही दाजीकडून, जुन्या लोडरच्या पायरीवर उभा राहून. म्हणजे कसं झालं बघा, एकाच चुलीवरून रोज दोन डबे निघायचे आणि त्यातला एक पुढच्या महिन्यात बंद व्हायचा होता. बारक्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडचे दर निरोपात एकच विचारत होते, नोकरी कायमची आहे ना. आणि दाजीनं पन्नाशी गाठली होती. वीस वर्षं जुन्या लोडरचे दणके खाऊन त्याची कंबर कामातून गेली होती. दुसऱ्या खाणीवर गेला असता तर त्याला चालताना बघूनच लोकांनी परत पाठवला असता. इथून उठला की तो लोडरवरूनच उठला, हे त्याला पक्कं माहीत होतं.

लोडरच्या कंपनीचा एक माणूस तीन दिवस शिकवायला आला. इस्त्रीचा शर्ट, पण बोलायला साधा. म्हणाला, ढिगाला धडक मारायची सवय सोडा. जुन्या लोडरला धडक दिल्याशिवाय भागतच नसे. ह्याची बकेट रुंद आणि बुडाला गोल. ती जमिनीलगत आत सरकवायची, ढीग अडवायला लागला की चार बोटं वर उचलायची, म्हणजे ओझं पुढच्या चाकांवर बसतं आणि चाकं घसरत नाहीत, मग अलगद आत वळवायची. इंजिनाची ताकद एकच. ती चाकंही मागतात आणि बकेट उचलणारा पंपही मागतो. दोघांनी एकदम मागितली तर दोघंही उपाशी. हे ऐकून दाजी म्हणाला, आमच्या घरातलं यंत्रही सध्या असंच आहे. कंपनीचा माणूस हसला. बारक्या हसला नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसानं मालकासमोर सांगितलं की दाजीचा हात चांगला आहे. डंपर तिरका लावायचा, मागं यायचं, लोडर कमरेत मोडून वळवायचा, पुढं जायचं, अर्ध्या मिनिटाला एक बकेट, चार बकेटींत डंपर फुल. बारक्या भरतो भराभर पण चाकं जागच्या जागी फिरवतो, टायर खातो. दाजीला बरं वाटलं. त्याहून बरं वाटलं ते खुर्चीचं. खुर्चीखाली हवेची पिशवी होती, काच लावली की आत गारवा. पहिल्या दिवशी तो शिडीला न धरता खाली उतरला आणि सरळ उभा राहिला. घरी जाऊन बायकोला दाखवलंसुद्धा, असा उभा राहिलो म्हणून. ती म्हणाली, लग्नात उभे होतात तसे दिसताय.

मग दहा दिवस सुरू झाले. सकाळी सहा ते एक दाजी, एक ते दिवस मावळेपर्यंत बारक्या. लोडरच्या आत एक पडदा होता. बकेटीत किती वजन, तासाला किती टन, टनाला किती डिझेल, सगळं त्यावर उमटायचं. वजनकाट्यावरचा कारकून, ज्याला सगळे काटेवाला म्हणत, तो संध्याकाळी ते आकडे काट्याच्या खोलीबाहेर फळ्यावर खडूनं लिहायचा. पहिल्या दिवशी दाजी तासाला एकशे ऐंशी टन, बारक्या दोनशे पाच. दाजी म्हणाला, होईल सरळ. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याहत्तर आणि दोनशे आठ. तिसऱ्या दिवशी तसंच. डिझेलही दाजीचंच जास्त. दाजी डोकं खाजवत राहिला. हात आपला चांगला, चाकं आपली घसरत नाहीत, डंपर आपल्या चार बकेटींत भरतो, मग टन जातात कुठं?

चौथ्या दिवशी त्याला कळलं. कळलं म्हणजे काय, डोळ्यांसमोरच होतं, पण सवयीच्या गोष्टी माणसाला दिसत नाहीत. ह्या खाणीतला काळा दगड फुटला की त्याला कोयत्याची धार येते. डंपरमधून, बकेटीतून दगड सांडत राहतात, आणि तसा एक दगड टायरच्या बाजूला लागला की टायर उभा चिरतो. म्हणून दाजी सकाळी आला की आधी बकेट जमिनीला सपाट टेकवून सगळा तळ घासून काढायचा, सांडलेलं सगळं ढिगाला नेऊन लावायचा. मधे दर पाचसहा डंपरांमागं एक फेरा मारायचा. आणि एक वाजायच्या आधी पुन्हा एकदा, कारण दुसऱ्याच्या हातात घाण देऊ नये. वीस वर्षं तो हे करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या फेऱ्यांत बकेट रिकामी असायची. पडद्यावर टन शून्य, वेळ मात्र चालू, डिझेल चालू. आणि बारक्या? बारक्या एक वाजता आरशासारख्या साफ तळावर यायचा, सुसाट भरायचा, एक फेरा मारायचा नाही, आणि संध्याकाळी सगळा पसारा दाजीच्या सकाळसाठी सोडून घरी यायचा. एक डंपरवाला खिडकीतून हे रोज बघत होता. तो म्हणाला, दाजी, आंधळं दळतंय बघा.

दाजी मालकाकडं गेला. मालक फोनवर होता. दाजी उन्हात अर्धा तास उभा राहिला, मग सांगितलं. मालकानं ऐकून घेतलं आणि विचारलं की साफसफाईचा आकडा पडद्यावर कुठं दिसतो. दाजी म्हणाला, तो दिसत नाही हेच तर सांगतोय. मग निदान पाळ्या बदला, म्हणजे बारक्या सकाळी येईल आणि कळेल. मालक म्हणाला की मधेच बदल केला तर आकड्यांत घोळ होईल, दहा दिवस होऊ देत. शेजारी काटेवाला उभा होता. तो फळा पुसता पुसता म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मालक हसला, शिपाई हसला. दाजीचे कान तापले. वीस वर्षांत त्याला कुणी असं तोंडावर हसलं नव्हतं, आणि राग आला तो हसण्याचा नाही, अंगण खरंच वाकडं होतं ह्याचा.

त्या दुपारी पाळी देताना त्यानं बारक्याला शिडीशी गाठलं. जाताना निदान एक फेरा मारून जात जा, एवढंच म्हणाला. बारक्या हातमोजे घालत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"दाजी, मला कुणी सांगितलेलं नाही. आणि आकडा माझाही आहे."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही जुन्या लोडरवर सांगितलं असतं तर ऐकलं असतं," बारक्या म्हणाला आणि वर चढला.

यात उर्मटपणा होता का, तर नव्हता, आणि दाजीला तेच जास्त लागलं. पोरगं रडकुंडीला आल्यासारखं बोललं होतं. लग्न, मुलीकडचे, बहिणीच्या घरात नऊ वर्षं खाल्लेलं अन्न, सगळं त्याच्याही मानेवर होतं. पण म्हणून काय दुसऱ्याच्या घामावर टन मोजायचे? दाजी घरी येईपर्यंत स्वतःशीच भांडत आला.

घराचं काय सांगावं. दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी आत बसवत नसे. रात्रीचं जेवण तिघं एकत्र करत आणि वाढणारीची पंचाईत होई. आधी नवऱ्याला वाढावं तर भावाला वाटायचं बाजू घेतली, भावाला वाढावं तर नवरा ताटाकडं बघत बसायचा. शेवटी तिनं भांडी मधे ठेवली आणि म्हणाली, घ्या आपापलं. आधी दोघं जेवताना यंत्राबद्दल बोलायचे, गिअर, डिझेल, कुठला डंपरवाला कसा लावतो. आता नुसता चावण्याचा आवाज. एकदा बारक्यानं पाण्याचा तांब्या दाजीपुढं सरकवला तर दाजीनं उठून माठातून पाणी घेतलं. असला पोरकटपणा पन्नाशीच्या माणसानं करावा का? पण केला.

आठव्या दिवशी फळ्यावर एकशे पंचाहत्तर आणि दोनशे बारा होतं. बारक्या घाईत आणखी सांडत होता, त्यामुळे दाजीला सकाळी पाऊण तास घासावं लागत होतं. म्हणजे बारक्याचा आकडा जितका चढेल तितका दाजीचा उतरणार. दाजी घरी येऊन पालथा पडला. बायको त्याच्या कमरेला तेल चोळत बसली. तिला हे सगळं तो आठवडाभर तुटक तुटक सांगत होता, आज सलग सांगितलं. ती चोळता चोळता थांबली.

"मग तुम्ही कशाला करता?" ती म्हणाली. "त्यानं नाही करायचं, मालकाला नको आहे, यंत्राला दिसत नाही. मग तुम्ही कुणाच्या बापाची जमीन झाडता?"

"टायर चिरेल."

"दोन दिवसांत नाही चिरत. दोन दिवस बरोबरीनं चालवा. मग जो राहील तो राहील, माझी तक्रार नाही. पण तुम्ही त्याच्यासाठी दळायचं आणि हरायचं, हे मला बघवत नाही. तो माझा भाऊ आहे म्हणून सांगते."

तिचं बोलणं बरोबर होतं. हिशेबात कुठंच चूक नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी तो लोडरवर चढला. समोर तळावर काळे तुकडे पसरले होते. हात आपोआप बकेट खाली टेकवायला गेला, तो त्यानं मागं घेतला आणि सरळ ढिगाकडं निघाला. पहिला तास त्याला चैनच पडेना. दगडाच्या बाजूनं काढ, चाक वाचव, मान खाली घालून बघ, असं करत तो चालवत होता. चालक कसलेला होता, त्यामुळे वळणं असली घ्यायचा की टायर तुकड्यांच्या मधून जायचा. अकरापर्यंत पडद्यावर दोनशे वीस आलं. साडेबाराला दोनशे पंचवीस. डंपरवाले एकामागून एक भरून जात होते. दाजीला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त होता, हे मान्य करायला हवं. एक वाजता त्यानं लोडर उभा केला. खाली सात तासांचा पसारा होता आणि त्याखाली कालचाही. बारक्या शिडीशी आला. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. खाली त्यानं नीट बघितलंच नाही, कारण आठ दिवसांत त्याला खाली बघावं लागलंच नव्हतं. दाजीनं सांगावं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात काटेवाल्यानं खिडकीतून ओरडून दाजीचा आकडा विचारला, दाजीनं तो सांगितला, आणि सांगता सांगता त्याची छाती फुगली. मग तो घरी निघाला.

दोन तासांनी डंपरवाला मोटरसायकलवर दारात आला. पुढचा डावा टायर फुटला होता. बारक्या भरलेली बकेट उचलून जोरात वळत होता, सगळं ओझं त्या चाकावर, आणि बाजूला दगड लागला. बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला, लोडर कलंडता कलंडता राहिला, पाच टन खडी डंपरच्या दारावर. आतला माणूस चहाला उतरला होता म्हणून वाचला. बारक्याचं कपाळ काचेवर आपटलं होतं. बायकोनं हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं आणि चप्पल न घालता निघाली.

क्रशर बंद पडला होता. पट्टे थांबलेले, धूळ बसलेली, एवढी शांतता दाजीनं तिथं कधी ऐकली नव्हती. टायर हाताच्या लांबीएवढा चिरला होता. तसला टायर मागवायला चार दिवस, तोवर सगळं ठप्प. बारक्या कपाळाला रुमाल धरून दगडावर बसला होता. मालकानं त्याला विचारलं, दगड दिसला नाही का.

"मशीन हातात आली तेव्हाच सगळीकडं दगड होते," बारक्या म्हणाला. "रोज साफ असतं. आज नव्हतं."

मालक दाजीकडं वळला. "रोज साफ असतं म्हणे."

"रोज मी करतो म्हणून असतं," दाजी म्हणाला. "सांगितलं होतं तुम्हाला. उन्हात उभं राहून सांगितलं होतं."

"आणि आज?"

"आज नाही केलं."

"म्हणजे तुला माहीत होतं. टायर चिरतो हे माहीत होतं, रोज करत होतास, आणि आजच केलं नाहीस."

दाजीनं डंपरवाल्याकडं बघितलं, काटेवाल्याकडं बघितलं. चौथ्या दिवसापासून जे पटवून देताना त्याची जीभ झिजली होती, ते आज एका मिनिटात सगळ्यांना पटलं होतं. त्याचं काम होतं हे सिद्ध झालं, ते त्यानं केलं नाही हेही सिद्ध झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला ओरडावंसं वाटलं की एक दिवस नाही केलं, आठ दिवस केलं, ते आठ मोजा की. पण मोजणारा पडदा लोडरबरोबरच विझलेला होता. बायको भावाचं कपाळ पुसता पुसता थांबली आणि मालकाकडं तोंड करून, मीच सांगितलं होतं, असं काहीतरी बोलायला लागली. दाजीनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. आपली चूक बायकोच्या पदराआड ठेवायची वेळ अजून आली नव्हती.

घरी बारक्या दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, मी काय खोटं बोललो? खोटं तो बोललाच नव्हता. दाजीनं तसं सांगितलंही. मग बारक्या रडला, म्हणाला मी नोकरी सोडतो, तुम्ही करा. बहीण म्हणाली, दोघंही घरी बसा म्हणजे सुटेल एकदाचं. दाजीनं बारक्याला सांगितलं की काम सोडायचं नाही, फक्त जमिनीकडं बघायचं. आणि बायकोला सांगितलं की मालक मला ठेवणार नाही, दुसरं काही हलकं देईल, ते मी घेणार नाही. वीस वर्षं लोडर चालवलाय. नाही म्हणेन आणि येईन. हे त्यानं तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, म्हणा आणि या, बघू आपण.

पाचव्या दिवशी नवा टायर बसला. मालकानं दाजीला बोलावलं. लोडरजवळच उभा होता, काटेवाला शेजारी वही घेऊन. वर बारक्या इंजिन चालू करून बसला होता. मालकाचा आवाज त्या दिवशीसारखा नव्हता, समजूत घातल्यासारखा होता. म्हणाला, मशीन बारक्याच चालवेल. पण तुझं म्हणणं खरं निघालं, तळ साफ पाहिजे. मशीननं साफ करण्यात मशीनचा वेळ जातो, डिझेल जातं. त्यासाठी एक माणूस लावतो. फावडं घेऊन चाकांपुढं दगड उचलत राहायचं, दिवसभर. रोजंदारीवर. "तुझ्याइतकं ह्यातलं कुणाला कळतं?" मालक म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

दाजी ताठ उभा राहिला. वाटेत पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात बारक्यानं लोडर मागं घ्यायला सुरुवात केली, टी टी टी आवाज सुरू झाला. मागच्या चाकापासून दोन हातांवर एक काळा तुकडा पडला होता, धार वर करून. केबिनमधून तो दिसण्यासारखा नव्हता.

दाजी वाकला. कमरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. त्यानं तुकडा उचलला आणि ढिगावर फेकला. चाक त्या जागेवरून गेलं.

"बघ, सांगावंही लागलं नाही," मालक काटेवाल्याला म्हणाला. "लिही त्याचं नाव. फावडं खोलीमागं आहे."

दाजीनं कमरेवर हात ठेवला आणि हळूहळू सरळ व्हायला लागला. नाही म्हणायला तो सरळ झाला, तोवर मालक निघून गेला होता.